समुद्री गवताचे कुरण उंचीवर जोखू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समुद्री गवताविषयी छापून येणाऱ्या मजकुरात दोन गोष्टी हमखास असतात : कुरणाचे क्षेत्रफळ आणि लांब, हिरव्यागार, लाटेबरोबर डुलणाऱ्या पानांचे छायाचित्र. आखूड, कुरतडलेल्या पानांचा किंवा तळावर उमटलेल्या उघड्या चरांचा फोटो असला, तर त्याखाली ‘ऱ्हास’ हा शब्द ठरलेला. हा निकष चुकीचा आहे, आणि त्यावरून निर्णय घेतले की पैसा भलत्याच जागी खर्च होतो. उंच कुरण आतून पोखरलेले असू शकते आणि खुरटे दिसणारे कुरण धडधाकट असू शकते. बघायचे ते गाळाखालचे खोड. आणि वर कोण चरते, कसे चरते, किती चरते.

समुद्री गवत म्हणजे शेवाळ नव्हे, हे एकदा सांगून पुढे जातो. जमिनीवरून पुन्हा समुद्रात गेलेल्या या सपुष्प वनस्पती आहेत. जगभरात त्यांच्या सत्तरच्या आसपास जाती आहेत. त्यांना खरी मुळे असतात, गाळातून सरकणारे आडवे खोड असते, फुले येतात, बिया धरतात. चरण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की पान वाढते ते शेंड्याकडून नव्हे, बुडाकडून. वाढीचा बिंदू गाळाच्या पातळीला, जुन्या पानांच्या वेष्टनात दडलेला असतो. शेंडा कोणी कापून नेला तरी अंगणातल्या हिरवळीसारखे पान खालून वर सरकत राहते. त्यासाठी लागणारी साखर आणि पिष्ट आडव्या खोडात साठवलेले असते. हा साठा शिल्लक आहे तोवर कापणी सोसते. तो संपला की पाने येत राहतात खरी, पण दर खेपेला जरा अरुंद आणि जरा आखूड.

जातीजातींत फरक प्रचंड आहे, आणि सरसकट विधाने फसतात ती इथेच. हॅलोफिला ओव्हॅलिस या बारीक, लंबगोल पानांच्या गवताचे खोड वर्षाला तीन मीटरहून अधिक धावते. भूमध्य समुद्रातल्या पोसिडोनिया ओशॅनिकाचे खोड वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर सरकते. एकाच मापाचा ओरखडा पहिल्या कुरणात काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत भरून येतो. दुसऱ्यात बोटीच्या नांगराने पाडलेली खाच दशकानुदशके तशीच राहते. म्हणून ‘कुरणात चर पडले’ ही बातमी जातीचे नाव न देता छापणे म्हणजे अर्धीच बातमी.

आता चरणारे. प्रौढ हिरव्या कासवाच्या जबड्याची कड करवतीसारखी दातेरी असते. ते पान बुडाजवळ कापते. वरचा जुना, शेवाळ आणि चुनखडीचे कण चिकटलेला भाग पुष्कळदा न खाता वाहून जाऊ देते आणि काही दिवसांनी त्याच पट्ट्यात परत येते. कारण साधे आहे : नव्या फुटीत नायट्रोजन जास्त आणि लिग्निन, म्हणजे पचायला जड असा काष्ठद्रव्याचा भाग, कमी. असा पट्टा पाण्याखाली लगेच ओळखू येतो. आत पाने काही सेंटिमीटरची आणि एका उंचीवर छाटलेली, पट्ट्याच्या कडेबाहेर तेच गवत त्याच्या कितीतरी पट उंच. खोडाला धक्का नसतो. असे पट्टे बघून घाबरण्याचे कारण नाही.

डुगाँगची, म्हणजे गवतावर जगणाऱ्या समुद्रगायीची, रीत अगदी वेगळी. त्याचे तोंड खाली वळलेले असते आणि वरच्या ओठावर राठ केस असतात. गवत नाजूक जातीचे असेल तर तो पान, खोड, मूळ सगळे उपटून काढतो. दिवसाला साधारण ३० ते ४० किलो ओले गवत त्याला लागते. मागे राहतो तो नागमोडी चर : रुंदी बहुधा १० ते २५ सेंटिमीटर, खोली तीन ते पाच सेंटिमीटर, लांबी एखाद्या मीटरपासून कित्येक मीटरपर्यंत. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कुरणात हे चर वरूनही दिसतात, आणि फोटोखाली ‘ऱ्हास’ लिहिला जातो तो बहुधा यांच्याच. चर नीट पाहिला तर त्यात मधूनमधून एखाददुसरी काडी सुटलेली असते आणि दोन्ही कडांना तुटलेल्या खोडांची टोके असतात. हॅलोफिला आणि हॅलोड्यूलसारख्या चपळ जाती या टोकांवरूनच आत शिरतात. ऑस्ट्रेलियातल्या मोरेटन उपसागरात डुगाँगचे कळप त्याच त्या जागी पुन्हा पुन्हा येतात. त्यामुळे तिथे राठ, तंतुमय झोस्टेरा गवताचे बस्तान बसत नाही आणि डुगाँगना आवडणारे मऊ, कमी तंतूंचे हॅलोफिला टिकून राहते. म्हणजे चरणारा प्राणी स्वतःचे कुरण स्वतःच राखतो. डुगाँग आणि कासव यांच्या विष्ठेतून उगवण्याजोग्या बिया बाहेर पडतात, हेही त्याच देशात तपासून झाले आहे. एका कुरणातले बी दूरच्या दुसऱ्या कुरणात पोचवणारी दुसरी इतकी भरवशाची व्यवस्था सहसा नसते.

मासे आणि सी-अर्चिन (गोल, काटेरी समुद्री जीव) यांची खूण पानावरच वाचता येते. पॅरटफिश पानाच्या कडेला स्वच्छ अर्धचंद्राकृती चावा घेतो. सी-अर्चिनने खाल्लेली कड झिरमिळ्या सुटल्यासारखी फाटकी असते. कासवाचा काप आडवा आणि बऱ्याच पानांवर एकाच उंचीला असतो. वादळात तुटलेल्या पानांची उंची मात्र कशीही असते. पाहणी करणाऱ्यांना इतके शिकवायला अर्धा दिवस पुरतो. तरीही बहुतेक नोंदवह्यांत ‘पाने खाल्लेली : होय/नाही’ एवढाच रकाना असतो.

हे सगळे वाचून ‘चरणे चांगलेच’ असा समज होऊ नये. चरणे आणि फडशा पाडणे यांतली सीमा खरी आहे, आणि ती ओलांडली गेल्याची उदाहरणे आहेत. लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटाच्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआडच्या उथळ पाण्यात, हिरव्या कासवांची दाटी वाढली तेव्हा थॅलेशिया गवताची जुनी, दाट कुरणे विरळ होत गेली आणि लवकर वाढणाऱ्या जातींचे प्रमाण वाढले. कुरणाच्या आसऱ्याने राहणारे मासे घटले, मच्छीमार आणि कासव यांच्यात वैर उभे राहिले. पुढे कासवे दुसऱ्या बेटांच्या लगूनकडे सरकली आणि तिथेही तोच क्रम घडला. इंडोनेशियाच्या देरावान बेटांजवळ पाने पुरेनाशी झाल्यावर कासवे गाळ उकरून खोड खाऊ लागली. बर्म्युडात कुरणे वाचवण्यासाठी गवतावर पिंजरे बसवावे लागले. तिथे चरणारी कासवे अंड्यातून बाहेर आली ती दूरच्या दुसऱ्याच किनाऱ्यांवर. अंड्यांचे आणि पिल्लांचे संरक्षण एका देशात यशस्वी झाले, त्याचा भार दुसऱ्या देशातल्या कुरणावर पडला. यात कासवाचा दोष नाही. संरक्षणाचा हिशेब अर्धा मांडला गेला, एवढेच.

उरलेला अर्धा हिशेब शिकाऱ्याचा. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे इथे टायगर शार्कवर बरीच वर्षे अभ्यास झाला. शार्क किती कासवे खातो, यापेक्षा त्याच्या भीतीने चरणारे कुठे आणि कसे चरतात, याचा परिणाम मोठा निघाला. अंगाने धट्टीकट्टी कासवे जिथून सटकता येईल अशा कुरणाच्या कडेला चरतात. अंगाने खालावलेली कासवे भूक भागवण्यासाठी धोका पत्करून आतल्या चांगल्या गवतात शिरतात. डुगाँग तर शार्कचा वावर वाढला की खोड उकरणे कमी करून नुसता पाला खातो, कारण तोंड गाळात खुपसले की आजूबाजूचे दिसत नाही. म्हणजे शार्क असला की जोर शेंड्यावर येतो, खोड वाचते आणि दबाव सगळीकडे पसरतो. शार्क मारून संपवायचे, कासवे राखायची आणि कुरण दाट राहील अशी अपेक्षा करायची, हे एकत्र जमणारे नाही.

लहान चरणाऱ्यांकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. पानावर शेवाळाचा लेप बसतो. इवले खेकडावर्गीय जीव, गोगलगायी आणि समुद्री स्लग तो खरवडून खातात आणि पानाला उजेड मिळू देतात. कॅलिफोर्नियातल्या एल्कहॉर्न स्लू या खाडीत शेतांतून खतांचे पाणी भरपूर येते. हिशेबाने तिथले झोस्टेरा शेवाळाखाली गुदमरायला हवे होते. पण समुद्री पाणमांजरे परत आली, त्यांनी खेकडे खाल्ले, खेकडे कमी झाल्याने स्लग आणि आयसोपॉड (इवले खेकडावर्गीय जीव) वाढले, त्यांनी पाने साफ ठेवली आणि गवत पसरले. साखळीत गवतासकट चार कड्या आहेत आणि गवताला प्रत्यक्ष हात लावणारी कडी नखाएवढी आहे. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर हीच साखळी उलट्या दिशेने फिरलेली दिसते : मोठे मासे उपसले गेले, मधले शिकारी वाढले, लेप खाणारे जीव संपत आले.

तरी एक गोष्ट ठाम लिहितो : जगभरात कुरणे जातात ती मुख्यतः चरण्याने नव्हे, उजेड हरपल्याने. समुद्री गवताला पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाच्या सरासरी ११ टक्के प्रकाश लागतो, काही जातींना याहून बराच जास्त. शेवाळाचे काम याच्या लहानशा अंशात भागते. पाणी गढूळ झाले की आधी मरते ते गवत. हॅलोफिला ओव्हॅलिस पूर्ण अंधारात जेमतेम महिनाभर तग धरते. क्वीन्सलँडच्या हर्वी उपसागरात १९९२ मध्ये लागोपाठ आलेल्या पुरांनी आणि चक्रीवादळाने सुमारे १००० चौरस किलोमीटर कुरण नाहीसे केले. डुगाँग मेले ते त्या पुरात नव्हे, पुढच्या महिन्यांत, उपासमारीने. खोल पाण्यातले गवत दोन-तीन वर्षांत परतू लागले, पण डुगाँगच्या मादीला पहिले पिल्लू सहा ते सतरा वर्षांच्या दरम्यान होते आणि दोन पिल्लांत तीन ते सात वर्षांचे अंतर असते. गवताचे आणि डुगाँगचे घड्याळ एका गतीने चालत नाही. फ्लोरिडात इंडियन रिव्हर लगूनमध्ये पोषकद्रव्यांच्या अतिरेकाने शेवाळ माजले, कुरणे गेली आणि २०२१ या एका वर्षात राज्यभरात ११०० च्या आसपास मॅनाटी, म्हणजे डुगाँगचे भाऊबंद, मेले. त्या हिवाळ्यात त्यांना लेट्यूसची पाने खायला घालण्याची वेळ आली. १९३० च्या दशकात उत्तर अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर झोस्टेराला रोग लागला तेव्हा ब्रेंट हंसांची संख्या कोसळली, आणि फक्त त्याच गवताच्या पानावर जगणारी लॉटिया अल्व्हियस ही शंखवर्गीय जात कायमची संपली. बातमी हंसांची होते. त्या शिंपल्याएवढ्या जिवाची होत नाही.

मग पाहणी करायची कशी? प्रचलित पद्धत सोपी आहे : ५० मीटर लांबीच्या तीन दोऱ्या, एकमेकींपासून २५ मीटरवर, आणि दर पाच मीटरला ५० सेंटिमीटरची चौकट, म्हणजे एका जागी ३३ चौकटी. उंची मोजताना सर्वांत लांब २० टक्के पाने सोडून द्यायची, नाहीतर चार-दोन लांबोडक्या पानांनी आकडा फुगतो. एवढे बहुतेक ठिकाणी होते. यात तीन गोष्टींची भर घालावी.

पहिली, पानाची रुंदी. व्हर्नियर कॅलिपरने पानाच्या मध्यावर मोजा. खोडातला साठा आटू लागला की उंचीबरोबर रुंदीही घटते, आणि पान वरून छाटलेले असले तरी रुंदी कळते. उंची कमी पण रुंदी पूर्वीइतकीच, म्हणजे चरणे चालू आहे आणि झाड सोसते आहे. दोन्ही कमी होत चालल्या आणि कोंबांतले अंतर वाढू लागले, म्हणजे धोक्याची घंटा.

दुसरी, वाढीचा वेग. कोंबाच्या बुडाशी, वेष्टनाच्या पातळीला बारीक सुईने सगळ्या पानांतून आरपार एक भोक पाडायचे आणि १० ते १४ दिवसांनी तो कोंब खुडून आणायचा. सर्वांत बाहेरच्या, वाढ थांबलेल्या पानाचे भोक जागच्या जागी असते, आतल्या पानांचे वर सरकलेले असते. ते अंतर म्हणजे वाढ. ज्या कोवळ्या पानावर भोकच नाही, ते सगळेच नवे. इथे दोन चुका होतात. सुई जाड असली तर पान भोकापाशी तुटते आणि वाढ कमी भरते. आणि खूण केलेले कोंब नेमके कासवच खाऊन जाते, म्हणून हवे त्याच्या दुप्पट कोंबांवर खूण करावी. ही रोजची वाढ आणि रोजचे खाणे शेजारी शेजारी मांडल्याशिवाय ‘अतिचराई’ हा शब्द वापरू नये.

तिसरी, गाळाखालचे वजन. १० ते १५ सेंटिमीटर व्यासाचा पाइप गाळात दाबून नमुना काढायचा, चाळणीत धुवायचा, पाने एकीकडे आणि खोड-मुळे दुसरीकडे करून ६० अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवायची. मेलेले काळे खोड वेगळे काढायला विसरू नये. ते जिवंतात मोजले गेले की खंगलेले कुरणही ठणठणीत भासते. नमुने मोजकेच घ्यावेत, भोक वाळूने भरावे, आणि पोसिडोनियासारख्या मंद जातीत हा प्रकार शक्य तितका टाळावा.

चराईचा परिणाम खात्रीने कळायचा असेल तर पिंजरा लागतो, आणि सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. मीटरभर लांबी-रुंदीचा, ताठ जाळीचा पिंजरा घ्यावा. सैल मासेमारी जाळे कधीही वापरू नये, त्यात कासव अडकून गुदमरते. जाळीची भोके लहान मासे जातील पण कासवाचे डोके शिरणार नाही अशी असावीत. जाळीवर शेवाळ चढते, आत सावली पडते आणि पाण्याचा वेग मंदावतो. मग आतले गवत उंच झाले ते चराई थांबल्यामुळे की उजेडासाठी ताणले गेल्यामुळे, हे सांगता येत नाही. त्यासाठी शेजारी दोन बाजू उघड्या ठेवलेला नकली पिंजरा आणि एक पूर्ण मोकळा तुकडा हवाच, आणि जाळी ठरावीक दिवसांनी घासायला हवी. आणखी एक गोष्ट सहसा राहून जाते. खोड जमिनीखालून जोडलेले असते, त्यामुळे पिंजऱ्यातले कोंब बाहेरच्या खुडलेल्या कोंबांना रसद पुरवत राहतात आणि फरक पुसट होतो. पिंजऱ्याच्या चारही बाजूंनी धारदार पात्याने खोड एकदा कापून घ्यावे. नकली पिंजरा आणि मोकळा तुकडा यांच्याभोवतीही तसेच कापावे, नाहीतर तुलना बिघडते.

शेवटी लागवडीबद्दल, कारण छायाचित्रे तिचीच जास्त येतात. जगभरातल्या १७८६ लागवड-प्रयोगांचा एकत्र आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला, त्यात तग धरण्याचे प्रमाण सरासरी ३७ टक्के निघाले. मोठ्या प्रमाणावर केलेल्या लागवडी छोट्यांपेक्षा चांगल्या टिकल्या. विरळ लावलेले मूठभर कोंब एकमेकांना आधार देत नाहीत, आणि नव्या कोवळ्या फुटीवर मासे आधी तुटून पडतात. व्हर्जिनियाच्या किनारी उपसागरांत १९९९ पासून झोस्टेराच्या सात कोटींहून अधिक बिया पेरल्या गेल्या आणि आज तिथे काही हजार हेक्टर कुरण आहे. तिथले पाणी स्वच्छ होते, फक्त बी पोचत नव्हते. जिथे पाणीच गढूळ आहे, किंवा खाल्लेली पाने वाढीने भरून निघणार नाहीत इतकी कासवे दाटलेली आहेत, तिथे कितीही कोंब लावले तरी ते चाऱ्यासारखे जातात.

तेव्हा लागवडीची बातमी देताना आपल्या वार्ताहरांनी संबंधितांना इतके जरूर विचारावे : जात कोणती, पाण्याखाली उजेड किती टक्के मोजला, इथले गवत आधी कशामुळे गेले आणि ते कारण आता दूर झाले आहे का, पहिले काही महिने चरणाऱ्यांपासून बचाव कसा करणार, आणि आधीच्या लागवडीतले किती कोंब दोन वर्षांनी जिवंत होते. ही उत्तरे छापायला चार ओळी पुरतात. लागवडीच्या दिवशीचा फोटो त्यासाठी थोडा लहान करावा लागला तरी चालेल.

कळावे,
आपला विश्वासू,
सागरी वनस्पतींचा एक अभ्यासक